रिपोर्ट चांगला आला, तरी गोळी का?



वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत राबणाऱ्या, नालासोपारा-विरारच्या चाळींत राहणाऱ्या आपल्या माणसांत एचआयव्हीचा विषय अजून दाराआडच बोलला जातो. म्हणून आज तो आम्ही घरच्या पानावर घेत आहोत. प्रश्न नेहमीचाच आहे. रक्तात विषाणू आढळत नाही असा रिपोर्ट आला, सीडीफोर पेशी वाढल्या, मग कामावर खाडा पाडून गोळ्या आणायच्या कशाला?

रिपोर्ट चांगला आहे, यात शंका नाही. असा रिपोर्ट टिकला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण विषाणू संपलेला नसतो, पेशींत दडून असतो. शिवाय लागण झाल्यावर सुरुवातीलाच तो आतड्यातील संरक्षक पेशी मारतो. आतड्याचे अस्तर झिरपू लागते, जंतूंचे कण रक्तात उतरतात आणि शरीराचे शिपाई रात्रंदिवस जागे राहतात. या जागरणाच्या खुणा रक्तात दिसतात: आयएल-सिक्स, सीआरपी, डी-डायमर. नावे पाठ करण्याची गरज नाही. गोळ्यांनी या खुणा उतरतात, पण बहुतेकांत पुरत्या जात नाहीत. हे जागरण रक्तवाहिन्यांना बाधते. एचआयव्ही असलेल्यांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

गोळी थांबवली तर काय होते? 33 देशांतील 5,472 रुग्णांवर ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यास झाला. निम्म्यांचे औषध चालू ठेवले, निम्म्यांचे सीडीफोर चांगले असेपर्यंत थांबवले. 2006 साली तो मध्येच आवरता घ्यावा लागला. औषध चालू असलेल्यांत 30 मृत्यू झाले, थांबवलेल्यांत 55. पुढे साठवलेले रक्त तपासले, तेव्हा औषध थांबवल्यावर महिन्याभरातच आयएल-सिक्स 30 टक्क्यांनी आणि डी-डायमर 16 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. माणसाला बाहेरून काहीच जाणवत नव्हते! 2015 साली भारतासह 35 देशांत झालेल्या ‘स्टार्ट’ अभ्यासाने दाखवले की सीडीफोर पडण्याची वाट न पाहता औषध लगेच सुरू करणे हिताचे. 2017 पासून आपल्या सरकारचेही धोरण तेच आहे.

हे औषध आपल्याला सहज मिळाले नाही. 1 एप्रिल 2004 रोजी सरकारने ते मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या मोजक्या केंद्रांत होते. विरारच्या माणसाला लोकलची गर्दी झेलत तिथवर जावे लागे. त्याआधी तर ऐपत नसलेल्याला औषधच नव्हते.

आता या खुणांची तपासणी खाजगी लॅबमधून करून घ्यावी का? आमच्या मते नको. साध्या तापाने, सुजलेल्या हिरडीने सीआरपी वाढतो. गरोदरपणात डी-डायमर वाढतो. हजारो माणसांची तुलना करताना हे आकडे संशोधकांना उपयोगी पडतात, पण एकट्याच्या एचआयव्हीच्या गोळ्या त्यावरून ठरत नाहीत. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी लिहून दिली तर गोष्ट वेगळी. एरवी त्या पैशांत घरात अंडी-डाळ येईल. विषाणूची मोजणी सरकारी केंद्रामार्फत मोफत होते, ती मात्र चुकवू नये.

बिडी-सिगारेट सोडावी, मशेरीसुद्धा. भगिनींनो, हे तुम्हालाही आहे. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. खोकला, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर दिवस न मोजता लगेच क्षयाची तपासणी करावी. गोळ्यांबद्दल काही विचारायचे असल्यास 1097 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही.