करार झाला, पण दाद कोणाकडे मागायची?

आफ्रिकेतील देशांनी आपापसात व्यापार वाढवावा म्हणून झालेल्या खंडव्यापी मुक्त व्यापार कराराचे सचिवालय घानाच्या राजधानीत, आक्रा शहरात आहे. मार्च 2018 मध्ये किगाली येथे 44 देशांनी त्यावर सह्या केल्या. आज हा आकडा 54 झाला असून एकटा इरिट्रिया बाहेर आहे. करार मे 2019 मध्ये अंमलात आला आणि 1 जानेवारी 2021 पासून व्यापार सुरू झाल्याचे जाहीर झाले. शंभरातील नव्वद प्रकारच्या मालावरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकायचे, अत्यंत गरीब देशांना त्यासाठी 10 वर्षे आणि इतरांना 5 वर्षे, असा हा हिशेब आहे.

कराराची गरज होती यात शंका नाही. घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात, पण त्याच्या चॉकलेटचा पैसा प्रामुख्याने युरोपातील कारखानदार कमावतात. इंग्रजांनी घानात रेल्वे टाकली ती खाणीपासून बंदरापर्यंत. फ्रेंचांनी शेजारी तेच केले. माल समुद्राकडे न्यायचा होता. शेजाऱ्याशी शेजाऱ्याला जोडण्याची गरज ना इंग्रजांना होती, ना फ्रेंचांना. परिणाम असा की आफ्रिकेच्या एकूण व्यापारात आफ्रिकी देशांचा आपसातला व्यापार आजही 15-16 टक्क्यांच्या आसपास आहे. युरोपात हेच प्रमाण 60 टक्क्यांच्या वर जाते. (आपण हसण्याचे कारण नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश वगैरे देशांचा साफ्टा करार 2006 पासून अंमलात आहे आणि दक्षिण आशियाचा आपसातला व्यापार 5 टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो.)

घानाने या कराराचा फायदा घेण्यात आळस केला असेही नाही. जानेवारी 2021 मध्ये कराराखाली पहिला माल पाठवणाऱ्यांत घानाच्याच दोन कंपन्या होत्या, एक मद्य बनवणारी आणि दुसरी सौंदर्यप्रसाधने बनवणारी. ऑक्टोबर 2022 मध्ये घाना, केनिया, रवांडा, इजिप्त आदी आठ देशांनी निवडक मालाची प्रत्यक्ष देवघेव करून पाहिली. घानाचा सेडी नायजेरियाच्या नायरात बदलताना मधे डॉलर आणि परदेशी बँक येत असे, त्यासाठी 2022 मध्ये आफ्रिकेची स्वतःची देयक व्यवस्थाही सुरू झाली.

पण कंपनीकडे वकील असतो, आडत्या असतो, मालाच्या मूळ देशाचा दाखला काढून देणारा कारकून असतो. घाना आणि टोगोच्या सीमेवर आफ्लाओ नावाचे नाके आहे. पलीकडे पाऊल टाकले की टोगोची राजधानी लोमे. तिथून कापड, टोमॅटो, मासळी डोक्यावर घेऊन ये-जा करतात त्या बहुतांशी बायका. त्यांच्या पाटीतल्या टोमॅटोला दाखला कोण देणार? दाखला नाही म्हणजे सवलत नाही, आणि सवलत नाही म्हणजे नाक्यावरच्या शिपायाची चिरीमिरी आली.

त्याहून मोठा प्रश्न सरकारच दार लावते तेव्हाचा. नायजेरियाने जुलै 2019 मध्ये नियामे येथे या करारावर सही केली आणि ऑगस्टमध्ये तांदळाची चोरटी आयात रोखण्याचे कारण देऊन जमिनीवरच्या सीमा बंद केल्या. त्या उघडायला डिसेंबर 2020 उजाडला. घानाच्या व्यापाऱ्यांचा माल वाटेतच अडकला. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर नायजेरियाने तोवर मंजुरीच दिलेली नव्हती आणि नवा व्यापारही सुरू झाला नव्हता, म्हणून या कराराचा भंग झाला असे म्हणता येत नाही. पण पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास संघटनेने 1979 सालीच मुक्त संचाराचा करारनामा केला होता आणि दोन्ही देश त्याला बांधील होते. त्याचे काय?

घानाही धुतल्या तांदळासारखा नाही. त्याने 2013 च्या गुंतवणूक कायद्यात किरकोळ विक्री स्वदेशीयांसाठी राखून ठेवली आणि परदेशी व्यापाऱ्याला 10 लाख डॉलरच्या भांडवलाची अट घातली. 2019-20 मध्ये आक्रात नायजेरियन दुकानदारांच्या दुकानांना कुलपे लागली. त्याच शहरात खंडाच्या मुक्त व्यापाराचे सचिवालय थाटले गेले! हे वैर जुने आहे. 1969 मध्ये घानाने परक्यांना हाकलले, 1983 मध्ये नायजेरियाने दहा लाखांच्या आसपास घानावासीयांना हाकलले. त्यांनी ज्या चौकड्यांच्या स्वस्त पिशव्यांत संसार भरला, त्या पिशव्यांना 'घाना मस्ट गो' हेच नाव पडले. तसल्या पिशव्या आपल्याकडच्या एसटी स्टँडवरही दिसतात.

अशा वेळी कुलूप लागलेल्या दुकानदाराने किंवा नाक्यावर टोमॅटो सडलेल्या बाईने जायचे कुठे? खंडव्यापी कराराच्या तंटा-निवारणाच्या तरतुदी काढून पाहा. तिथे फिर्याद फक्त सरकारला करता येते, तीही दुसऱ्या सरकारविरुद्ध. व्यापाऱ्याला दरवाजा नाही. म्हणजे त्या बाईने आधी आपल्या सरकारला पटवायचे, आणि सरकारने शेजाऱ्याशी भांडायचे की नाही हे आपले राजकारण पाहून ठरवायचे. जगातल्या वकिलांना विचारा, दाद मागण्याची सोय नसलेल्या हक्काची किंमत काय ते सांगतील.

याला पर्याय नाही असे नाही, आणि तो आफ्रिकेतच आहे. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील देशांच्या कोमेसा संघटनेच्या न्यायालयात खाजगी कंपनी सरकारला खेचू शकते. मॉरिशसने इजिप्तहून येणाऱ्या मालावर पुन्हा शुल्क लावले तेव्हा तिथल्याच एका रंग कंपनीने दावा लावला आणि 2013 मध्ये तो जिंकला. छोट्या व्यापाऱ्यांसाठी कोमेसाने सोपी पद्धतही आणली. ठराविक रकमेच्या आतला, यादीतला माल असेल तर नाक्यावरच साधा दाखला मिळतो. आक्रातल्या सचिवालयाला हे ठाऊक नसेल असे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये स्त्रिया आणि तरुणांच्या व्यापाराविषयी वेगळा करारनामा मंजूर झालाच आहे, पण त्याने व्यापाऱ्याला थेट दाव्याचा अधिकार दिलेला नाही.

दर पाच वर्षांनी फेरविचार करण्याची तरतूद मूळ कराराच्या 28व्या कलमात आहे. घानाने यजमान म्हणून तिचा वापर करून दोन मागण्या रेटल्या पाहिजेत: नाक्यावर साधा दाखला आणि व्यापाऱ्याला थेट दावा करण्याचा अधिकार. त्याआधी आक्रातल्या परदेशी दुकानदारांशी कसे वागायचे तेही त्याला ठरवावे लागेल, कारण हा अधिकार मिळाल्यावर पहिला दावा कदाचित घानाविरुद्धच दाखल होईल.