शाळेचे वर्ष आणि उसाचे वर्ष

प्राथमिक शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते आणि मे महिन्याच्या आरंभी संपते, असे शासनाचे वेळापत्रक सांगते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड, लोहा आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, जळकोट या तालुक्यांत, तांड्यावरच्या आणि भूमिहीनांच्या अनेक मुलांचे शाळेचे वर्ष मात्र दसरा-दिवाळीलाच संपते. पुढचे पाच-सहा महिने उसाचे असतात.

या भागातील जिल्हा परिषदेची शाळा ही केवळ चार भिंतींची इमारत नव्हे. जूनमध्ये पहिलीच्या मुलांची मिरवणूक निघते, आषाढीला चिमुकले विठ्ठल-रखुमाई दिंडीत चालतात, पोळ्याला वर्गात मातीचे बैल होतात. ऑगस्टनंतर मराठवाड्यात ध्वजवंदन पुन्हा एकदा होते ते १७ सप्टेंबरला, १९४८ च्या मुक्तिदिनाचे. निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मातृभाषेतील शिक्षणासाठी लोकांना झगडावे लागले. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अध्यापन केले, ते याच झगड्याचा भाग म्हणून. त्यामुळे येथे शाळेच्या अंगणात सारे गाव जमते, त्याला इतिहासाचाही आधार आहे. या अर्ध्या वर्षात तांड्यावरचा मुलगा आणि पाटलाचा मुलगा एकाच रांगेत उभे असतात.

सप्टेंबरची तीस तारीख येते. त्या दिवशीच्या पटसंख्येवर शिक्षकांची पदे ठरतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुकादमाची वाहने गावात येऊन उभी राहतात आणि पटावरची मुले पोती-भांड्यांबरोबर सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे, कधी बेळगावच्या बाजूला निघून जातात. पट भरलेला राहतो, बाके रिकामी होतात. शासनाची मोजणी स्थलांतराच्या उंबरठ्यावर होते आणि पुढच्या अनुपस्थितीचा हिशेब कोणी मागत नाही.

मार्गशीर्षातील वेळा अमावस्या, लातूरकरांची येळवस, हा या भागाचा खरा सण. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभारतात, पाच पांडवांची पूजा होते, मडक्यातली आंबील आणि नाना भाज्या-शेंगांची भज्जी यांवर पाहुणेराउळे जेवतात. लातूरचे जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुटी देतात, शाळा बंद राहतात आणि मुले शेतात जातात. हे योग्यच आहे. ज्याला शेत नाही त्यालाही बोलावून जेवू घालण्याची रीत या सणात आहे. परंतु ज्यांना बोलवावयाचे ती माणसे तोपर्यंत गावात उरलेली नसतात. त्यांची मुलेही कोपीतच असतात, पण ती कोपी साखर कारखान्याच्या तळावरची. आई पहाटेच्या अंधारात फडात गेलेली असते आणि तिसरीतली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेली असते. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, स्नेहसंमेलन, सहल, एप्रिलची परीक्षा, यांतले काहीच तिच्या वाट्याला येत नाही. शाळेच्या सामुदायिक जीवनाचा उत्तरार्ध अशा रीतीने जमीन असणाऱ्यांच्या मुलांपुरता उरतो.

आईबाप अडाणी म्हणून मुलांना नेतात, हे मध्यमवर्गाचे आवडते निदान आहे. वास्तविक कारण उचलीच्या व्यवहारात आहे. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मुकादम उचल देतो आणि ती नवराबायकोच्या जोडीवर, एका ‘कोयत्या’वर देतो. दोघांनाही जावे लागते. मागे म्हातारी आजी असली तर मूल राहते, नसली तर जाते. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवण्याची धास्ती वाटली तर तिचे लग्न लावून दिले जाते. साखरेच्या उत्पादनखर्चात ऊस, वाफ, व्याज सारे धरले जाते. या मुलीचे बुडालेले वर्ष कोणत्याही खात्यावर दिसत नाही.

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यावयाचे आणि तेवढीच भर शासनाने घालावयाची, असे धोरण राज्याने स्वीकारले आहे. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते; म्हणजे कारखान्यावरचा भार किलोमागे दहा पैसे. नऊ-दहा कोटी टन गाळप झाले तर कारखान्यांचाच वाटा नव्वद ते शंभर कोटी होतो. पैसा नाही ही सबब म्हणूनच ऐकून घेण्याजोगी नाही.

दुसरी सबब वेळापत्रकाची. साऱ्या राज्याचे वर्ष मूठभर मुलांसाठी कसे बदलावयाचे? परंतु विदर्भात ऊन कडक म्हणून तेथील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. रमजानमध्ये उर्दू शाळांच्या वेळा बदलतात. येळवसीचा दाखला वर आलाच आहे. वेळापत्रक उन्हापुढे वाकते, सणापुढे वाकते; मजुरीच्या हंगामापुढे तेवढे ते ताठ राहते.

उपाय झालेच नाहीत असे नाही. तळावर साखरशाळा भरविल्या गेल्या, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आले, गावातच मूल राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. यांत वसतिगृहाची कल्पना सर्वांत शहाणपणाची, कारण ती मुलाला त्याच्या शाळेपासून आणि सवंगड्यांपासून तोडत नाही. पण मूल गावातून गेल्यावर उघडलेले वसतिगृह निरुपयोगी असते. किती कोयते जाणार हे मुकादमाच्या वहीत पावसाळ्यातच लिहिलेले असते. जे मुकादमाला आषाढात कळते ते शिक्षण खात्याला दिवाळीनंतर सर्वेक्षण करून कशाला कळावे? यादी श्रावणात व्हावी, दसऱ्याला वसतिगृहाची चूल पेटावी, आणि मुलींसाठी रात्री मुक्कामाला गावातलीच विश्वासाची बाई पगारावर असावी.

दुसरी मागणी परतणाऱ्या मुलांची. टोळ्या एप्रिलच्या सुमारास परत येतात आणि नेमकी तेव्हाच शाळा उन्हाळ्यासाठी बंद होते. अशा गावांत मे महिन्यात सकाळी सात ते दहा वर्ग चालले पाहिजेत आणि मुलांना जेवण मिळाले पाहिजे. हे अशक्य नाही. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले त्या २०१६ च्या दुष्काळात, टंचाईग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. शिक्षकांची सुटी हा त्यांचा हक्क आहे, त्याचा मोबदला रजेने किंवा रोखीने द्यावा लागेल. शिक्षक संघटनांशी ही बोलणी कार्यकर्त्यांनी आदेशाच्या नव्हे, भावकीच्या भाषेत केली पाहिजेत.

तोडणीयंत्रे येत आहेत, प्रश्न आपोआप मिटेल, असेही सांगितले जाते. यंत्र कोयता हिरावील. पोट भरण्यासाठी तीच माणसे वीटभट्टीवर किंवा पुण्याच्या बांधकामावर जातील, आणि मूल बरोबर असेलच. दुसरीकडे २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. तांड्याची शाळा हलली की मागे राहिलेल्या आजीला नातवंडाला शाळेत पोहोचविणेही जमणार नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातून आलेला निकष आहे.

ग्रामसभांच्या रूढ तारखा चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. जानेवारीच्या सभेला ऊसतोड कामगार फडात असतो. मेच्या सभेला तो परतलेला असतो, आणि ऑगस्टच्या सभेला उचल घेतलेली असली तरी गावातच असतो. मेच्या वर्गाचा ठराव १ मेच्या आणि वसतिगृहाच्या यादीचा ठराव १५ ऑगस्टच्या सभेपुढे ठेवावा, यादी मुलांच्या नावानिशी मांडावी आणि ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाती पोहोचवून पोच घ्यावी.