बंदुकीचा विमा आणि स्वातंत्र्याचा आक्रोश

कॅलिफोर्नियांतील सॅन होझे नगरानें १ जानेवारी २०२३ पासून, कांहीं अपवाद सोडून, बंदूक बाळगणारांस नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा केला, तेव्हां 'हा हक्कावर कर आहे' असा आक्रोश उठला. १७९१ च्या घटनादुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला, हें खरें. परंतु त्या हक्कापायीं शेजाऱ्याच्या मुलाचा पाय निकामी झाला, तर इस्पितळाचा खर्च शेजाऱ्यानेंच सोसावा, असें त्या दुरुस्तींत कोठें लिहिलें आहे? आमच्या तरी वाचनांत तें आलेलें नाहीं.

मोटारीचा विमा मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९२७ सालींच सक्तीचा केला. आपल्याकडेही १९३९ च्या मोटार कायद्यानें तिऱ्हाइताच्या इजेचा विमा आवश्यक ठरविला. त्यामुळें कोणाचें हिंडणें थांबल्याचें ऐकिवांत नाहीं.

खुनी मनुष्य विमा उतरावयास जाणार नाहीं, हा आक्षेपकांचा हुकमी एक्का. मान्य! बुद्धिपुरस्सर केलेल्या दुष्कृत्याची भरपाई तेथील कायद्याप्रमाणें विमा कंपनीस करतांही येत नाहीं. पण हा नियम खुन्यासाठीं नाहींच. तो आहे भरलेलें पिस्तूल उशाखालीं घेऊन निजणाऱ्या सभ्य गृहस्थासाठीं. घरांत मुलें आहेत काय, पेटीला कुलूप आहे काय, हें पोलिसानें विचारलें तर त्याचा अपमान होतो. विमेवाल्यानें हप्ता ठरवितांना विचारलें, तर निमूटपणें उत्तर द्यावें लागेल. गरिबांस या नियमांतून सूट आहे. उरलेले ओरडणारे आपल्या मोटारीचा हप्ता मात्र दरसाल बिनतक्रार भरतात.