गोपालकाचा वकील

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्ग गावच्या एका गोपालकाने १९९८ साली सिनसिनाटीतील एका मोठ्या विधी संस्थेत दूरध्वनी केला. ओढ्याचे पाणी पिऊन त्याच्या गायी एकामागून एक मरत होत्या. वरच्या अंगाला ड्यूपॉन्ट या बलाढ्य रसायन कंपनीची कचराभूमी होती. गावातील कोणी त्याची बाजू घेण्यास धजावेना. कारण अर्धे गाव कंपनीच्या पगारावर जगत होते.

दूरध्वनी घेणारे रॉबर्ट बिलॉट हे तोवर रसायन कंपन्यांचेच बचाव करणारे वकील. परंतु त्यांची आजी त्याच परिसरात राहत असे. त्या नात्याचा धागा धरूनच गोपालकाने त्यांना गाठले होते. १९९९ साली दावा दाखल झाला. न्यायालयाच्या आदेशाने कंपनीने लाखाहून अधिक पृष्ठांची कागदपत्रे सुपूर्द केली. बिलॉट ती कचेरीच्या जमिनीवर मांडून महिनोन् महिने वाचत राहिले. त्यातून निघाले ते ‘पीएफओए’ हे नाव. टेफ्लॉनच्या निर्मितीत १९५१ पासून वापरले जाणारे हे रसायन कंपनीच्या नोंदींनुसार १९८४ सालीच आसपासच्या पिण्याच्या पाण्यात पोहोचले होते. कंपनीला ठाऊक होते, सरकारला नव्हते, आणि पिणाऱ्याला तर मुळीच नव्हते. नियंत्रित पदार्थांच्या सूचीतच नसल्याने कायद्याच्या लेखी ते विष नव्हते!

बिलॉट यांचे खरे कर्तृत्व याच्या पुढचे आहे. २००४ साली सामूहिक दाव्यात तडजोड झाली, तेव्हा मिळालेले पैसे केवळ वाटून टाकण्यात आले नाहीत. रक्त तपासून घेणाऱ्यास ४०० डॉलर, अशी योजना झाली आणि सुमारे ६९ हजार नागरिकांनी रक्त दिले. तटस्थ शास्त्रज्ञांच्या मंडळाने ते वर्षानुवर्षे अभ्यासले. २०१२ पर्यंत निष्कर्ष आले : मूत्रपिंडाच्या व वृषणाच्या कर्करोगासह सहा विकारांशी या रसायनाचा संबंध संभवतो. त्याच आधारावर साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचे दावे उभे राहिले आणि २०१७ साली ६७ कोटी डॉलरची भरपाई मिळाली. आधी सत्य, मग भरपाई, हा तो क्रम होय. गोपालक मात्र २००९ सालीच निवर्तला होता.

भोपाळमध्ये नेमके उलटे घडले. १९८५च्या कायद्याने पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. पीडितांना कोणी विचारले? पिढ्यांवर होणाऱ्या परिणामांचा हिशेब पुरा होण्याआधीच वही मिटली गेली.

हे सारे आज आठवण्याचे कारण कोकणात आहे. इटलीतील त्रिस्सिनोचा ‘मितेनी’ कारखाना याच जातीच्या रसायनांनी भूजल दूषित करून २०१८ साली दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना कारावास ठोठावला. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावातून आली ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे! यंत्र स्वतःहून दोषी नसते, हे खरे. पण त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय आहे, हे कोण मोजणार? मोजलेले ग्रामस्थांना कोण सांगणार? दाभोळ खाडीतील मच्छीमार मेलेल्या माशांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे मांडत आले आहेत.

उद्योगाला विरोध हा स्वदेशीचा अर्थ नव्हे. परंतु परदेशाने टाकून दिलेले अंगणात घेताना डोळे मिटणे हा तर स्वदेशीचा अवमानच. आपल्याकडे आयुधे नाहीत असेही नाही. दिल्लीच्या ओलियम वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच धोकादायक उद्योगावर निरपवाद दायित्वाचा सिद्धान्त घालून दिला. २०१० पासून हरित न्यायाधिकरण आहे. उणीव आहे ती आयुध उचलणाऱ्या हातांची.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे रोप लावले, दत्तोपंत ठेंगडी यांनी १९९२ साली अधिवक्ता परिषद उभी केली, ती याच जाणिवेतून. जिल्ह्याच्या न्यायालयात काळा कोट चढविणाऱ्या तरुणाने एका गावाच्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, त्याची नोंद ठेवावी आणि चिकाटीने पाठपुरावा करावा. बिलॉट यांची पंचवीस वर्षे एका गोपालकाचे म्हणणे ऐकून घेण्यापासून सुरू झाली. गोमातेचे नाव घेणाऱ्या समाजाने गायीच्या पाण्याची तपासणी करणाऱ्यालाही तितकेच बळ द्यावे.