धम्माची कसोटी ताटात नाही

धम्मबांधवांनो, ‘तुम्ही मांस खाता, मग बौद्ध कसले?’ असा सवाल आम्हांस वारंवार केला जातो. सवाल करणाऱ्यांनी आधी त्रिपिटक उघडावे. भिक्षूंना मत्स्यमांस सर्वस्वी वर्ज्य करा, ही मागणी देवदत्ताची होती. भगवंतांनी ती नाकारली. प्राणी आपल्यासाठी मारला असे भिक्षूने पाहिले वा ऐकले नसेल, तशी शंकाही त्यास नसेल, तर ते मांस ग्राह्य होय, असे त्यांनी जीवकास सांगितले. १९५६ साली नागपुरास बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, दारूचा त्याग आहे. शाकाहाराची सक्ती नाही. १९२७ साली महाडास त्यांनी मृतमांस सोडावयास सांगितले, ते स्वाभिमानासाठी. कोणाच्या सोवळ्यासाठी नव्हे.

म्हणून हौसेखातर जीव घेऊ नका. कोणी करुणेपोटी स्वखुशीने मांस सोडले, तर त्याचा आदरच करा. परंतु ताट पाहून माणसाचा विटाळ मानणारी, त्यास भाड्याचे घर नाकारणारी अहिंसा ही अहिंसाच नव्हे. ती नवी वस्त्रे ल्यालेली अस्पृश्यता होय! तिच्यापुढे मान तुकवू नका.