कोकोच्या रोपांमागे धावण्याआधी बांधावरची जांभळं मोजा



पावसाळ्याच्या तोंडावर पडघ्याच्या बाजूच्या एका गावात सभा भरली होती. सभा आमच्या खात्याची नव्हे, रोपं विकणाऱ्या मंडळींची. चावडीपुढे खुर्च्या मांडलेल्या, चहा-बिस्किटं आणि हातोहात वाटलेले रंगीत कागद. कागदावर कोकोच्या फोडलेल्या फळाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत शब्द : 'अँटिऑक्सिडंट'. बोलणारे गृहस्थ सांगत होते, की नुसत्या चॉकलेटचे दिवस गेले, आता कोकोतला अर्क विकला जाणार. औषधवाले आणि क्रीम-पावडरवाले तुमच्या दारात गाडी लावणार. रोपांचे पैसे आधी द्यायचे, मालाची खरेदी नंतर आणि हमी तोंडी.

मी मागच्या रांगेत बसलो होतो. सभा सुटल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "साहेब, खाचराची जागा गोदामाला गेली. दीड एकर वरकस राहिलाय. त्यात लावू का हे?" मी त्यांना उभ्या उभ्या 'नको' म्हटलं. पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. का नको आणि त्याऐवजी काय, हे सांगितल्याशिवाय आमच्या सल्ल्याला किंमत नाही. म्हणून हा लेख.

शब्द मोठा, गोष्ट साधी

वांगं चिरून ठेवलं की घटकाभरात काळं पडतं. त्यावर लिंबू पिळलं तर काळं पडायला वेळ लागतो. शेंगदाण्याचं तेल उघडं राहिलं की खवट होतं. हवेतल्या प्राणवायूमुळे होणारी ही खराबी रोखणारा किंवा लांबवणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. लिंबात तो 'क' जीवनसत्त्वाच्या रूपात असतो. जांभळाच्या, कोकमाच्या गडद रंगात असतो, आवळ्यात असतो, हळदीत असतो आणि कोकोच्या बीमध्येही असतो.

याला मागणी वाढते आहे, हे त्या गृहस्थांनी सांगितलेलं खोटं नव्हे. तेल, फरसाण, बिस्किटं टिकावीत म्हणून कारखानदार बरीच वर्षं रासायनिक अँटिऑक्सिडंट वापरत आले. आता गिऱ्हाईक पाकिटामागचं वाचायला लागलंय, त्यामुळे झाडापासून काढलेला पदार्थ त्यांना हवा आहे. शक्तीच्या गोळ्या, चेहऱ्याला लावायची क्रीमं, तयार सरबतं, सगळीकडे हीच ओढ आहे. प्रश्न मागणी आहे का, हा नाहीच. त्या मागणीतला पैसा बांधापर्यंत येतो का, हा खरा प्रश्न आहे.

कोकोची खरी कहाणी

कोकोच्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल नावाचे गुणकारी घटक असतात, हे सिद्ध आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१२ साली मान्य केलं, की रोज २०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉल पोटात गेले तर रक्तवाहिन्यांची लवचीकता राखायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२३ साली जास्त फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको पावडरीवर हृदयाबद्दलचा मजकूर छापायला परवानगी दिली, पण 'पुरावा फारच मर्यादित आहे' असं सोबत लिहायची अट घालून. २०२२ साली अमेरिकेतल्या २१ हजारांहून जास्त वयस्क माणसांवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. कोकोच्या अर्कानं हृदयविकाराच्या एकूण घटना ठळकपणे कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र कमी आढळले. म्हणजे गुण आहे, पण छाती ठोकून सांगावं इतकं अजून हाती नाही.

दुसरी गोष्ट त्या रंगीत कागदावर नव्हतीच. चॉकलेटला चव यावी म्हणून कोकोची बी पाच-सहा दिवस आंबवतात, वाळवतात, भाजतात. या प्रत्येक पायरीला फ्लॅव्हनॉल घटतात. पावडरीचा कडवटपणा मोडायला आणि रंग गडद करायला तिच्यावर क्षाराची प्रक्रिया करतात, त्यात तर बहुतेक फ्लॅव्हनॉल निघून जातात. म्हणून अर्क काढणाऱ्याला बी वेगळ्या तऱ्हेनं हाताळलेली लागते आणि ती प्रयोगशाळेत तपासूनच तो घेतो. चॉकलेटवाल्यासाठी तयार केलेली बी अर्कवाल्याच्या कामाची नाही. शेतकऱ्यानं दोन्हींच्या आशेनं लावलं, तर ना हे ना ते.

तिसरी गोष्ट भावाची. जगातला निम्म्याहून जास्त कोको आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथं रोग पडला, पाऊस बिघडला आणि २०२४ साली जागतिक बाजारात भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. केरळात वाळलेली बी किलोला हजार रुपयांच्या घरात पोहोचली. सगळ्यांना कोको आठवला तो तेव्हा. २०२५ मध्ये तोच भाव निम्म्याच्या आसपास खाली आला. आज लावलेलं रोप तीन-चार वर्षांनी फळ देणार. तेव्हाचा भाव आज कोण सांगणार?

केरळच्या शेतकऱ्यांनी हे आधी भोगलंय. १९७०च्या दशकात तिथं मोठ्या प्रमाणात कोको लावला गेला. १९८०च्या सुरुवातीला भाव कोसळला, खरेदी करणाऱ्यांनी हात आखडला आणि कित्येकांनी झाडांवर कोयता चालवला. त्या वेळी मंगळूरची सुपारी बागायतदारांची सहकारी संस्था, कॅम्पको, खरेदीला उतरली आणि १९८६ साली पुत्तूरला तिनं स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभा केला. कोको टिकला तो शेतकऱ्यांची स्वतःची संस्था मागे उभी राहिली म्हणून. आपल्याकडे रोपं विकणारे आहेत; अशी संस्था कुठे आहे?

वरकसात कोको का नको

कोको हे सावलीतलं झाड. नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून ते शोभतं. त्याला हवेत ओलावा लागतो, मुळाशी बारमाही ओल लागते, पण पाणी साचलेलं चालत नाही. आपल्या भिवंडी तालुक्यात पाऊस कमी नाही, पण तो सगळा चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने वरकस भाजून निघतो. डोक्यावर सावली नाही, विहिरीला मार्चनंतर तळ दिसतो. अशा जागी कोको लावणं म्हणजे माशाला झाडावर चढवणं. ज्यांची बारमाही पाण्याची नारळ-सुपारीची वाडी आहे, त्यांनी पाच-दहा झाडं लावून बघायला हरकत नाही. दीड एकर वरकसवाल्या बाबांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये.

काखेत कळसा

आता आपल्याकडे काय आहे ते बघू. बांधावर, ओढ्याकाठी, वरकसात जांभूळ आहे. ते कोणी लावलं नाही, खत घातलं नाही, पण दर मे-जूनला लगडतं. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरच्या जांभळाला आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण बहाडोली' ही जातही दिली आहे. जांभळाचा जो रंग जिभेवर आणि सदऱ्यावर चढतो, तोच अँथोसायनिन हा घटक. त्याचाच अर्क मोठ्या बाजारात विकला जातो.

कोकमाचं तसंच. रातांब्याच्या सालीत तोच रंग आणि शिवाय गार्सिनॉल नावाचा घटक आहे. दक्षिण कोकणात घरोघरी त्याची आमसुलं, आगळ आणि सरबत होतं. आणि गंमत ऐका : युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमात चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर पाच टक्क्यांपर्यंत दुसरी वनस्पतिजन्य चरबी चालते. त्यासाठी नाव घेऊन सांगितलेल्या सहा चरबींत आपल्या कोकमाच्या बियांचं तेल आहे, सालाचं आहे आणि आंब्याच्या कोयीचंही आहे. आपण ज्या बिया उकिरड्यावर टाकतो, त्यांना चॉकलेटवाल्यांच्या कायद्यात जागा आहे!

कोकम लावायचं तर एक ध्यानात ठेवा. बीपासून केलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात आणि ते फळ आल्यावरच कळतं. म्हणून 'कोकण अमृता'सारख्या जातीची कलमंच घ्या, तीही विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून, पावती घेऊन.

आमचा फसलेला प्रयोग

हे सगळं सोपं आहे, असं मी म्हणत नाही. दोन वर्षांमागे वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका पाड्यावर बायकांच्या बचत गटाला मीच उत्साहानं जांभळाची पावडर करायला लावली. बायकांनी पहाटे उठून फळं वेचली, बिया काढल्या, गर पसरला. जागा अपुरी पडली म्हणून काही माल डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातला. त्या रस्त्यानं दिवसरात्र कंटेनर धावतात. वर जूनचा पहिला पाऊस आला. तरीही दळून नमुना पाठवला. खरेदीदाराकडून तपासणीचा कागद परत आला : ओलावा जास्त, बुरशी, खर. सगळा माल नाकारला.

चूक बायकांची नव्हती, माझी होती. मी बाजार बघितला आणि वाळवणीची सोय बघितली नाही. त्यातली एक बाई मला म्हणाली, "भाऊ, टोपलीत घालून नाक्यावर विकली असती तर संध्याकाळचं मीठ-मिरची तरी सुटली असती." हे वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना जपून लिहितो.

मग करायचं काय?

पहिलं, ताज्या फळाचा बाजार सोडू नका. कल्याण, ठाणे, मुंबई आपल्या दारात आहे. चांगलं मोठं फळ निवडून, छोट्या डब्यांत भरून सकाळी पोचवलं तर अर्काच्या नादाला लागण्यापेक्षा बरा पैसा होतो. अर्क-पावडर हा बारीक आणि उरलेल्या फळाचा धंदा समजा.

दुसरं, वाळवणी छपराखालीच करा. मे संपता संपता आभाळ भरून येतं. सौर वाळवणी यंत्र गटानं मिळून घ्यावं. ते होईपर्यंत गर वाळवायच्या भानगडीत न पडता फक्त बिया धुऊन वाळवा, त्या सोप्या आहेत.

तिसरं, झाडाखाली जाळं किंवा कापड अंथरा. मातीत पडलेलं आणि महामार्गाच्या धुळीतलं फळ खायच्या मालात मिसळू नका. खरेदीदार बुरशी तपासतो, कीटकनाशकाचा अंश तपासतो, शिसंसुद्धा तपासतो. एका पाटीमुळे शंभर किलो माल परत येतो.

चौथं, पाकिटावर 'मधुमेह बरा होतो' असं छापू नका. जांभूळ म्हटलं की हा मोह होतोच. पण १९५४च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे आणि २०१८च्या अन्नसुरक्षा नियमांनाही ते धरून नाही. फळाचं नाव, गावाचं नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक एवढं पुरे.

पाचवं, रोपं विकायला कोणी आलं तर तीन कागद मागा : रोपवाटिकेचा परवाना, खरेदीचा लेखी करार आणि मागच्या वर्षी कुणाकडून किती माल घेतला त्याच्या पावत्या. सफेद मुसळी आणि इमूच्या वेळी हे तीन कागद आपण मागितले असते तर कित्येकांची घरं वाचली असती.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकारी मंडळींना एक विनंती आहे. गावात फळ देणारी जांभळं किती, कोकमं किती, आवळे किती, याची एकदा मोजणी करा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. कोणताही खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो, 'वर्षाला माल किती देणार?' त्याचं उत्तर आज आपल्या एकाही गावाकडे तयार नाही. चार-पाच गावांची मिळून यादी झाली, तरच त्याच्यासमोर भावाचं बोलता येईल.

ही मोजणी लवकर व्हायला हवी. गोदामासाठी जागा सपाट करताना सगळ्यात आधी आडवी होतात ती बांधावरचीच झाडं. गोदामाच्या भाड्याची बरोबरी जांभूळ करणार नाही, हे मलाही कळतं. ज्यानं जमीन दिली त्याला मी दोष देत नाही. पण ज्याचा वरकस उरलाय, त्याच्या बांधावरचं पन्नास वर्षांचं झाड जळाऊ लाकडाच्या भावात जाऊ नये. कलमाला फळ यायला चार-पाच वर्षं लागतात, बीच्या झाडाला त्याच्या दुप्पट. तोडायला अर्धा तास पुरतो.

त्या बाबांकडे मी नंतर जाऊन आलो. त्यांच्या दीड एकरात अकरा जांभळं निघाली. बाबांना वाटत होतं, सात-आठ असतील. पुढच्या पावसात ते बांधावर कोकमाची दहा कलमं लावणार आहेत. कोकोच्या रोपांचे पैसे त्यांनी दिले नाहीत.

तुम्हीही एकदा आपल्या बांधावरून चालून या आणि मोजून ठेवा. आकडा घेऊन पंचायत समितीत या, पुढचं आपण बसून ठरवू.