रांग आपल्या दारात लावा

घरात 100 एमबीपीएसचे कनेक्शन आहे, वेग मोजला तर आकडाही पूर्ण भरतो, आणि तरीही कोणी मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की शेजारच्या खोलीतल्या व्हिडिओ कॉलचा आवाज तुटू लागतो. ही तक्रार आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला पाठ आहे, आणि तिच्यावरचा ठरलेला सल्लाही: मोठा प्लॅन घ्या. आमच्या मते बहुतेक घरांत हा सल्ला चुकतो, कारण दुखणे वेगाचे नसून रांगेचे असते. राउटर आणि ओएनटी यांच्यामधली तार 1 गिगाबिटची आणि पुढे अपलोडची मर्यादा समजा 10 एमबीपीएसची. राउटरला पुढची अडचण दिसतच नाही. तो पॅकेट्स भराभर ढकलत राहतो आणि ती अरुंद जागेच्या तोंडाशी, ओएनटीच्या किंवा त्यापलीकडच्या बफरमध्ये, साचत जातात. 1500 बाइटचे एक पॅकेट 10 एमबीपीएसवरून जायला 1.2 मिलिसेकंद लागतात. अशी हजार पॅकेट्स पुढे उभी असतील, आणि लिनक्समध्ये इथरनेटच्या रांगेची वर्षानुवर्षे चालत आलेली मर्यादा हजाराचीच होती, तर मागून आलेल्या आवाजाच्या पॅकेटाला 1.2 सेकंद ताटकळावे लागते. डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात, त्यामुळे अपलोड भरले की डाउनलोडही मंदावते. ग्राहकाला मात्र ‘नेट स्लो आहे’ एवढेच दिसते.

या दुखण्याला जिम गेटिस यांनी 2010च्या अखेरीस ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. मे 2012मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे याकडे ती बघत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे बघते. हा वेळ 100 मिलिसेकंदभर 5 मिलिसेकंदांच्या वरच राहिला तर ती एखादे पॅकेट टाकून देते आणि पाठवणाऱ्याला हळू होण्याची खूण मिळते. त्याच वर्षी जुलैत लिनक्स 3.5मध्ये कोडेल आणि प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारे एफक्यू-कोडेल आले. 2018मध्ये लिनक्स 4.19बरोबर केक आले, त्यात शेपर आणि रांगेची व्यवस्था एकत्रच आहे. म्हणजे औषध फुकट आहे आणि चांगले मुरलेले आहे. ते लागू पडत नाही याचे कारण रांग साचते तिथे ते पोचत नाही. राउटरवर एफक्यू-कोडेल चालू असले, पण राउटरमध्ये रांगच नसली, तर ते करणार काय? म्हणून शेपर हवा. अपलोडची मर्यादा खऱ्या मर्यादेच्या पाच-दहा टक्के खाली मुद्दाम बांधली की रांग ओएनटीत साचत नाही, आपल्या राउटरमध्ये, आपल्या नजरेखाली साचते.

खरा घोटाळा ब्रिजपाशी होतो, आणि या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ चालतात हेही त्याचे एक कारण आहे. पहिल्या अर्थी ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकलेला असतो आणि ग्राहकाचा राउटर स्वतः पीपीपीओई डायल करतो. ही मांडणी उत्तम. शेपर वॅन बाजूला बसतो, पत्त्यांची अदलाबदल त्याच यंत्रात होत असल्याने केकला आतले खरे पत्ते कळतात, आणि वाटणी यंत्रागणिक करता येते. दुसऱ्या अर्थी ऑपरेटरचा राउटर तसाच ठेवून आपली पेटी मध्ये ब्रिज म्हणून घातली जाते. फोन किंवा टीव्हीची सेवा त्या राउटरला बांधलेली असेल तर दुसरा इलाज नसतो. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे नियम ब्रिजच्या इंटरफेसवर, म्हणजे बीआर-झिरोवर, लावणे. एका पोर्टातून दुसऱ्या पोर्टात पुढे जाणारी फ्रेम बीआर-झिरोच्या रांगेतून जातच नाही. तिथून जाते ती खुद्द त्या पेटीने पाठवलेली वाहतूक. आज्ञा बिनतक्रार स्वीकारली जाते, आकडेवारीत थोडी पॅकेट्सही दिसतात, आणि घरात फरक शून्य. नियम लावायचा तो ब्रिजच्या सदस्य पोर्टांवर. अपलोडसाठी ऑपरेटरकडे तोंड असलेल्या पोर्टावर, आणि आतल्या बाजूला एकच पोर्ट असेल तर डाउनलोडसाठी त्या पोर्टावर. आत येणारी वाहतूक आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आयएफबी या आभासी इंटरफेसची गरजही उरत नाही. मात्र आत दोन-तीन पोर्ट आणि वाय-फाय असेल तर ही युक्ती अंगलट येते. घरातल्या घरात टीव्हीकडे किंवा साठवणीच्या डिस्ककडे जाणारी फाइलही मग इंटरनेटच्या मर्यादेत जखडली जाते. अशा वेळी बाहेरच्या पोर्टावरून आत येणारी वाहतूक आयएफबीकडे वळवून तिथेच आवरावी.

पेटीची जागाही तितकीच महत्त्वाची. ती ओएनटी आणि राउटर यांच्यामध्ये बसवली तर पत्ते आधीच बदललेले असतात. सगळे घर तिला एकाच पत्त्याचे दिसते, आणि पन्नास जोडण्या उघडणारा एक संगणक एका कॉलच्या पन्नासपट वाटा घेऊन जातो. राउटरच्या आतल्या बाजूला बसवली तर प्रत्येक यंत्र वेगळे ओळखता येते, पण मग ऑपरेटरच्या राउटरचे वाय-फाय बंद करायलाच हवे, नाहीतर तिथून जोडलेले फोन शेपरला वळसा घालून जातात. शिवाय काही यंत्रांतली चिप फ्रेम परस्पर पुढे सरकवते आणि प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. हार्डवेअर ऑफलोड चालू असेल तर शेपर नुसता शोभेचा ठरतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो ग्राहकाचा: मी 100चे पैसे मोजतो, मग मोजणीत 88 का? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर लपवू नये. सोडलेले बारा एमबीपीएस हे कॉल न तुटण्याचे मोल आहे, आणि ते द्यायचे की नाही हे ग्राहकानेच ठरवावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डाउनलोडची रांग ऑपरेटरच्या बाजूला असते, तिच्यावर आपला हात कसा पोचणार? थेट पोचत नाही, हे खरे. पण आपण थोडे खाली आवरून पॅकेट टाकले की टीसीपीचा पाठवणारा हळू होतो आणि पलीकडची रांग ओसरते. हे नियंत्रण उशिरा लागते, सुरुवातीचा लोंढा त्यातून निसटतो, म्हणून डाउनलोडला दहा-पंधरा टक्के मोकळे सोडावेत. आता प्लॅन 300 किंवा 500चे आहेत, मग हे कशाला, असेही विचारले जाते. त्यात तथ्य आहे. तिथे रांग क्वचितच भरते, आणि स्वस्त राउटरचा प्रोसेसर त्या वेगाला शेपिंग करताना दमतो. अशा घरात शेपरचा हट्ट नको. अडचण बहुधा वाय-फायमध्ये सापडेल.

नेट न्यूट्रॅलिटीची शंका मात्र इथे गैरलागू आहे. ट्रायचा 8 फेब्रुवारी 2016चा नियम दरांतल्या भेदभावाविषयी होता, आणि जुलै 2018मध्ये सरकारने मान्य केलेली तत्त्वे सेवा देणाऱ्यांवर बंधन घालतात. घरमालकाने स्वतःच्या घरातली रांग कशी लावावी याच्याशी त्यांचा संबंध नाही. त्यातही ॲपगणिक प्राधान्याच्या याद्या बनवण्याचा जुना खटाटोप आम्ही सुचवत नाही. आज बहुतेक वाहतूक कूटबद्ध असते, अशा याद्या चार महिन्यांत शिळ्या होतात, आणि प्रवाहांना समान वागवणारी रांग कॉलला न ओळखताही वाट करून देते.

या अंकाच्या वाचकांना आमची विनंती एवढीच. पुढची जोडणी सुपूर्द करताना कागदावर डाउनलोड आणि अपलोडच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहा: लाइन मोकळी असतानाचा पिंग आणि अपलोड पूर्ण भरलेले असतानाचा पिंग. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा 30 मिलिसेकंदांहून जास्त वाढला असेल, तर ते काम अजून पुरे झालेले नाही.